गोल्फचे जुने आयर्न घेताना दांड्यावरचं अक्षर किती मानायचं?

तीन वर्षांपूर्वी मी एका निवृत्त फौजी अधिकाऱ्यांच्या घरी त्यांचा आयर्नचा, म्हणजे धातूच्या पातळ हेडच्या गोल्फच्या काठ्यांचा, सेट बघायला गेलो होतो. चार नंबरपासून पिचिंग वेजपर्यंत (जवळच्या फटक्यांची आखूड काठी) सात काठ्या. प्रत्येक हेड जुन्या बनियनच्या फडक्यात गुंडाळलेलं, ग्रिप धुऊन पुसून ठेवलेल्या. दांड्यावरची पट्टीही शाबूत होती: डायनॅमिक गोल्ड, एस 300. एस म्हणजे स्टिफ, स्टिफ म्हणजे चांगल्या खेळाडूचा दांडा, आणि चांगला खेळाडू तर मला व्हायचंच होतं. चहा झाला, गप्पा झाल्या, भाव करायचंही सुचलं नाही. पैसे देऊन सेट गाडीत टाकला.

पुढचे चार महिने चेंडू खालून निघायचा आणि उजवीकडे जायचा. चौदाव्या होलपर्यंत खांदा भरून यायचा. आमच्याकडे एक जुने कॅडी, म्हणजे खेळाडूची बॅग वाहणारे, आहेत, सगळे त्यांना मामाच म्हणतात. काठीच्या नळीला, म्हणजे शाफ्टला, ते दांडा म्हणतात, म्हणून मीही तसंच म्हणायला लागलोय. एका रविवारी सोळाव्या होलवर त्यांनी न राहवून सांगितलं, "साहेब, पहिले नऊ होल तुम्ही दांडा फिरवता. पुढचे नऊ तो तुम्हाला फिरवतो."

सेटमध्ये काही खोट नव्हती, मीच त्याचा माणूस नव्हतो. आणि हे पैसे देण्याआधी कळलं असतं. त्याला कुठलं महागडं यंत्र लागलं नसतं, फक्त दांड्यावरचं अक्षर म्हणजे काय हे आधी समजून घ्यायला हवं होतं.

मुळात पोलादाची नळी वाकते, हेच अनेकांना पटत नाही. हातात धरून बघितलं तर ती सळईसारखी वाटते. पण टोकाला पाव किलोहून जास्त वजनाचं हेड आहे आणि ते क्षणार्धात शून्यावरून ताशी 70-80 मैल वेग घेतं. वरून खाली येताना हात आधी निघतात, हेड मागे रेंगाळतं आणि दांडा मागच्या बाजूला वाकतो. भरलेली कावड खांद्यावर घेऊन माणूस उठतो तेव्हा बांबू वर येतो, पण घागरी क्षणभर खालीच ओढ घेतात, तसंच. कावडवाल्याची चाल आणि बांबूचा हेलकावा एकमेकांना सापडले की ओझं निम्मं वाटतं. नाही सापडले तर प्रत्येक पावलाला पाणी सांडतं. फ्लेक्स, म्हणजे दांड्याची लवचीकता, जुळणं म्हणतात ते एवढंच.

पुढचा भाग मात्र बऱ्याच जणांच्या डोक्यात उलटा बसलेला असतो. मागे वाकलेला दांडा चाबकासारखा सुटतो आणि चेंडूला फटका मारतो, असं आपण समजतो. प्रत्यक्षात चेंडूपर्यंत पोचेतो दांडा बहुतेक वेळा पुढच्या बाजूला वाकलेला असतो. कारण हेडचा गुरुत्वमध्य दांड्याच्या बरोबर रेषेत नसतो, थोडा मागे आणि बाहेरच्या अंगाला असतो. वेगामुळे तो हातांच्या रेषेत यायला बघतो, आणि त्या ओढीनं दांडा पुढे वाकतो, शिवाय हेडचं टोक किंचित जमिनीकडे झुकतं. पुढे वाकल्यामुळे फेसचा, म्हणजे चेंडूला लागणाऱ्या सपाट बाजूचा, लॉफ्ट (मागे कललेला कोन) थोडा वाढतो आणि फेस थोडासा बंद होतो, म्हणजे खेळाडूच्या बाजूला वळतो. मग चेंडू आणि हेड यांची भेट होते ती जेमतेम अर्ध्या मिलिसेकंदाची. तो धक्का तुमच्या तळहाताला कळेपर्यंत चेंडू निघून गेलेला असतो.

म्हणून उजव्या हाताच्या खेळाडूसाठी पुस्तकी हिशोब असा सांगतात: दांडा गरजेपेक्षा मऊ असेल तर चेंडू उंच आणि डावीकडे, गरजेपेक्षा कडक असेल तर बुटका आणि उजवीकडे. हे खरं आहे, पण कल म्हणून. चेंडू उजवीकडे जायची माझ्याकडे आणखी डझनभर कारणं होती आणि त्यातली निम्मी आजही आहेत. ड्रायव्हर, म्हणजे पहिल्या लांब फटक्याची काठी, तिचा दांडा लांब असल्यामुळे त्यात फ्लेक्सचा प्रताप जास्त दिसतो, आयर्नचा दांडा आखूड, त्यात कमी. आयर्नमध्ये चुकीच्या फ्लेक्सनं अंतर थोडंसंच घटतं. खरं नुकसान होतं ते चेंडू फेसच्या मधोमध लागण्याचं. एकदा इथे, एकदा तिथे, आणि मग आपण स्विंगमध्ये नसलेले दोष शोधत बसतो.

आता अक्षरांकडे येऊ. एल म्हणजे लेडीज, ए म्हणजे सीनियर (काही कंपन्या तिथे एम छापतात), आर म्हणजे रेग्युलर, एस म्हणजे स्टिफ, एक्स म्हणजे एक्स्ट्रा स्टिफ. मऊपासून कडकपर्यंतची ही उतरंड सगळीकडे सारखी आहे. पण एस म्हणजे नेमकं किती कडक, याचा कुठलाही सामाईक मापदंड या धंद्यात नाही. प्रत्येक कंपनी आपापलं ठरवते. तयार शर्टाचं जसं असतं ना, एका कंपनीचा 40 पोटावर ताणतो आणि दुसऱ्या कंपनीचा 40 गाउनसारखा लोंबतो, तसंच. फरक इतकाच की शर्ट घालून बघायला दुकानात खोली असते.

त्यातून आकड्यांनी आणखी गोंधळ घातलाय. डायनॅमिक गोल्ड हा ट्रू टेंपर कंपनीचा दांडा जुन्या सेटमध्ये सगळ्यात जास्त भेटतो. त्यावर आर 300, एस 200, एस 300, एस 400, एक्स 100 असं काहीबाही लिहिलेलं असतं. एस 400 हा एस 300 पेक्षा जास्त कडक, असं मला एका विक्रेत्यानं छातीठोकपणे सांगितलं होतं. तसं काही नाही. कडकपणा अक्षरात आहे, आकडा वजनाचा गट सांगतो. 300 हा मधला गट, 200 थोडा हलका, 400 थोडा जड. फरक दोन-चार ग्रॅमचा. प्रोजेक्ट एक्सच्या दांड्यांवर याच्या अगदी उलट: अक्षरच नाही, नुसते आकडे, आणि तिथे आकडा म्हणजेच कडकपणा. 5.0 साधारण रेग्युलर, 5.5 मधला, 6.0 स्टिफ, 6.5 त्याच्याही पुढचा. कधी पट्टीवर 'युनिफ्लेक्स' असा शब्द सापडेल. एकच दांडा सगळ्यांना चालावा म्हणून केलेला, बहुतेक आर आणि एसच्या अधेमधे कुठेतरी. आणि पिचिंग वेजवर 'वेज' एवढंच लिहिलं असेल तर घाबरू नका. वेजच्या दांड्यांना बऱ्याचदा वेगळं नाव असतं आणि तो साधारण स्टिफच्या जवळपास असतो.

ही अक्षरं आली कुठून, तर पोलादाबरोबर. त्याआधी दांडे हिकरीच्या लाकडाचे असायचे. लाकडाचे दोन दांडे कधीच सारखे नसतात, त्यामुळे खेळाडू ढिगातून एकेक उचलून, हलवून, हाताला पटेल तो निवडायचा. बॉबी जोन्सनं 1930 साली एकाच वर्षात चारही मोठ्या स्पर्धा जिंकल्या त्या हिकरीच्याच काठ्यांनी. तोवर पोलादाला मान्यता मिळालेली होती, सेंट अँड्र्यूजच्या आर अँड ए या गोल्फचे नियम ठरवणाऱ्या संस्थेनं ती 1929 मध्ये दिली, आणि 1931 ची यूएस ओपन बिली बर्कनं पोलादी दांड्यांनी जिंकली. नळी कारखान्यात बनू लागल्यावर तिची प्रतवारी करता आली आणि प्रतवारी आली की अक्षर आलंच. गंमत अशी, की अक्षर आल्यापासून आपण हलवून बघायचं सोडून दिलं.

हलवून बघायचं म्हणजे दुकानात लोक करतात तसं नव्हे. हेड जमिनीला टेकवून, दांड्याच्या मधोमध हात दाबून "हां, हा स्टिफ आहे" म्हणणारे महाभाग मी बरेच पाहिले आहेत. मीही त्यातलाच होतो. ते का फोल आहे याचा एक घरगुती प्रयोग सांगतो.

ग्रिपचा भाग जेवणाच्या टेबलाच्या कडेवर ठेवून शिकंजानं घट्ट आवळायचा, खाली फडकं घालून. बाकीचा दांडा हवेत. हेड बोटानं थोडं खाली दाबून सोडायचं. ते वरखाली हलायला लागतं. फिटिंग करणाऱ्यांकडे याच मोजमापाचं यंत्र असतं, एका मिनिटात किती वेळा हललं ते ते दाखवतं. पोलादी दांड्याचं सात नंबरचं आयर्न साधारण मिनिटाला 300 च्या आसपास हेलकावे घेतं. दांडा जितका कडक तितका आकडा जास्त. आणि एका फ्लेक्समधून दुसऱ्यात जाताना, म्हणजे आरमधून एसमध्ये, हा आकडा ढोबळमानानं 10 नं वाढतो.

आता हिशोब करा. मिनिटाला 300 म्हणजे सहा सेकंदात 30. मिनिटाला 310 म्हणजे सहा सेकंदात 31. रेग्युलर आणि स्टिफ यांच्यात अंतर आहे ते एवढं: सहा सेकंदात एक हेलकावा. मी मोबाइलवर स्लो मोशनमध्ये चित्रण करून दोन वेगवेगळ्या सेटच्या सात नंबरच्या काठ्यांचे हेलकावे मोजायला बसलो. तीनदा मोजले, तीनदा वेगळे आले. बायकोनं टेबलाच्या पॉलिशवर उठलेला व्रण दाखवला तेव्हा प्रयोग थांबला. डोळ्याला जे कॅमेऱ्यातूनही धड मोजता येत नाही, ते हातानं दाबून कळतं असं म्हणणाऱ्यावर विश्वास कसा ठेवायचा?

हाताला झटकन कळतं ते वजन. आणि जुना सेट घेताना फ्लेक्सच्या आधी वजन बघावं, असं माझं ठाम मत झालंय.

डायनॅमिक गोल्ड एस 300 चा कोरा, न कापलेला दांडा साधारण 130 ग्रॅमचा. त्यातलाच आर 300 घेतला तरी वजन दोन-तीन ग्रॅमनंच कमी होतं. म्हणजे "मला स्टिफ जड जातो, आर द्या" म्हणून तुम्ही त्याच जातीचा आर घेतलात तर ओझं तेवढंच राहिलं! उलट निप्पॉनचा एनएस प्रो 950 जीएच हा जपानी सेटमध्ये हमखास सापडणारा दांडा 95 ते 98 ग्रॅमचा. केबीएस टूर मधला: आर 110, एस 120, एक्स 130. ग्राफाइट पन्नास-साठ ग्रॅमपासून सुरू होतो आणि शंभराच्या पुढेही जातो, त्यामुळे ग्राफाइट म्हणजे म्हाताऱ्यांचा मऊ दांडा हे समीकरणही आता जुनं झालं. हलके दांडे सहसा त्याच अक्षराच्या जड दांड्यांपेक्षा मऊ लागतात. 950 चा एस हातात घेऊन "हा तर माझ्या जुन्या आरसारखा आहे" म्हणणारे कितीतरी भेटतील.

130 आणि 95 मध्ये 35 ग्रॅमचा फरक. लहानसं लिंबू. एका फटक्यात काही वाटणार नाही. पण एका राउंडमध्ये सरावाचे झोके धरून आयर्न किती वेळा फिरतं ते मोजा, आणि मे महिन्यातला अकरा वाजताचा पुण्याचा उन्हाळा त्यात मिळवा. मामांचं वाक्य तिथून आलं होतं.

पट्टी निघून गेली असेल तर? जुन्या सेटमध्ये ही नेहमीची गोष्ट. तेव्हा वाण्याकडे जा. मी खरंच गेलो होतो. आमच्या कोपऱ्यावरच्या किराणावाल्याच्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर, तुरीच्या डाळीचं पातेलं बाजूला सारून, सात नंबरचं आयर्न आडवं ठेवलं. 438. हेड 270 च्या आसपास, ग्रिप पन्नासेक, चिकटवण आणि बुशिंग (हेड आणि दांड्याच्या सांध्यावरचं कडं) धरून तीन-चार, उरलं ते कापलेल्या दांड्याचं. ढोबळ अंदाज असा धरा: पूर्ण काठी 435 च्या आगेमागे भरली तर आत जड पोलाद, 410 च्या आसपास असेल तर हलकं पोलाद, 380 च्या जवळ असेल तर हलका ग्राफाइट. जाड ग्रिप किंवा वेगळ्या घडणीचं हेड असेल तर हिशोब दहा-पंधरा ग्रॅमनं चुकेल, पण डोळे झाकून घेण्यापेक्षा बरं. वाण्यानं विचारलं, "साहेब, हे किलोनं विकणार?" त्याचा प्रश्न अगदीच चुकीचा नव्हता.

आता तुमची बाजू. विकणारा विचारतो, "सात नंबर किती मारता?" आणि आपण सगळेच खोटं बोलतो. मुद्दाम नाही, पण आयुष्यातला सगळ्यात चांगला फटका आपल्याला सरासरी वाटतो. शिवाय उन्हाळ्यात फेअरवे, म्हणजे होलपर्यंतची हिरवळीची पट्टी, सिमेंटसारखी झालेली असते, चेंडू पडल्यावर वीस यार्ड घरंगळतो आणि आपण तेही आपल्या खात्यात जमा करतो. फ्लेक्ससाठी लागतं ते कॅरी, म्हणजे चेंडू हवेतून जाऊन जिथे पहिल्यांदा टेकतो तिथपर्यंतचं अंतर. पावसाळ्यात, जमीन ओली असताना मोजलेलं सगळ्यात प्रामाणिक. दहा चेंडू मारा, सर्वांत चांगले दोन आणि सर्वांत वाईट दोन सोडा, उरलेल्या सहांची सरासरी काढा. पुणं समुद्रसपाटीपासून साधारण 560 मीटर उंचीवर आहे, हवा किंचित विरळ, त्यामुळे दीडशे यार्डांत तीनेक यार्ड फुकटचे मिळतात. मुंबईकरांना ते मिळत नाहीत.

एक फसवणूक मात्र ओळखून असा. तुमच्या मित्राचं सात नंबर दीडशे जातं आणि तुमचं एकशे तीस, म्हणजे त्याचा स्विंग वेगवान असं लगेच मानू नका. जुन्या घडणीच्या सात नंबरचा लॉफ्ट 34-35 अंश असायचा. आजकालच्या अंतर वाढवणाऱ्या सेटमध्ये तो 28-29 वर आलाय. हेडवर 7 छापलंय, पण आत जवळजवळ पूर्वीचं पाच-सहा नंबर बसलंय. तेव्हा अंतर सांगताना लॉफ्ट किती ते आधी बघा.

34 अंशांच्या आसपासचं सात नंबर धरलं तर कॅरी 115-120 यार्डांच्या आत असेल तर सीनियर किंवा त्याहून मऊ, तिथपासून 145 पर्यंत रेग्युलर, 145 ते 165 स्टिफ, त्याच्या पुढे एक्स, अशी सुरुवात करायला हरकत नाही. ही लक्ष्मणरेषा नाही. पण तिच्याशी एक गोष्ट ताडून बघा. अमेरिकेतल्या पुरुष व्यावसायिकांचा सात नंबरचा सरासरी वेग ताशी सुमारे 90 मैल, कॅरी 170 च्या थोडं वर. तिथल्याच महिला व्यावसायिकांचा वेग 76-78 मैल, कॅरी 140 च्या थोडं वर. म्हणजे वेगाचं कोष्टक लावलं तर जगातल्या सर्वोत्तम महिला खेळाडूंमधल्या कित्येक जणी रेग्युलरच्या घरात बसतात. आणि आमच्याकडे 125 यार्ड मारणारा, गुडघ्याला पट्टा बांधून येणारा गडी "आपल्याला स्टिफच लागतो" म्हणतो. आर या अक्षरात कमीपणा वाटायचं कारण काय, हे मला अजून उलगडलेलं नाही, आणि तीन वर्षांपूर्वी मला तो स्वतःला वाटत होता. त्याच न्यायानं बाई आहे म्हणून एल, हेही चूक. बाईचा वेग बघा, बाई आहे हे बघू नका.

वेगाच्या जोडीला लय. दोघांचाही वेग सारखा, पण एक जण वरती क्षणभर थांबून खाली येतो आणि दुसरा वरून झडप घालतो, तर दुसऱ्याच्या दांड्यावर ताण जास्त येतो, त्याला थोडा कडक किंवा निदान थोडा जड दांडा सोसतो. स्वतःची लय स्वतःला कळत नाही. ती कॅडीला विचारावी, तो वर्षानुवर्षं मागे उभा राहून तेच बघत असतो.

दोन फ्लेक्सच्या मधोमध अडकलात आणि चाळिशी उलटलेली असेल, तर मऊ घ्या. वय आणि स्विंगचा वेग हे उलट्या दिशेनंच चालतात. विशीतल्या, अजून भरत्या अंगाच्या पोरानं कडक घ्यायला हरकत नाही. लहान मुलांच्या बाबतीत मात्र एक पाप होताना मी नेहमी पाहतो: बाबांचा जुना स्टिफ सेट वरून कापून दहा वर्षांच्या लेकराच्या हातात देतात. कापल्यामुळे दांडा आणखी कडक होतो, हेडचं वजन तेच राहतं. त्या पोराच्या हातात पहार दिल्यासारखंच झालं.

कापण्यावरून आठवलं. जुन्या सेटमध्ये आधीच्या मालकानं काय काय करून ठेवलंय ते बघावंच लागतं. टेप बरोबर न्या. पोलादी दांड्याचं सात नंबर साधारण 37 इंच असतं, ग्राफाइटचं साडेसदतीस. आखूड असेल तर कुणीतरी कापलंय, म्हणजे पट्टीवर लिहिलंय त्यापेक्षा तो थोडा कडक आणि हातात हलका लागेल. अर्ध्या इंचानंही झोक्यातलं वजन जाणवण्याइतकं बदलतं. लांब असेल तर ग्रिपच्या आत जोड घातलेला असू शकतो. सगळ्या काठ्या भिंतीला ओळीनं लावून ठेवा: उंचीच्या पायऱ्या सारख्या उतरल्या पाहिजेत. पोलादी दांड्यावर ज्या बारीक पायऱ्या असतात, त्यांची ओळही काठीगणिक एका शिस्तीत सरकताना दिसायला हवी. एखाद्याच काठीत ती भलतीकडे असेल तर तो दांडा मागाहून घातलेला आहे, बहुधा मोडल्यावर, आणि त्याचा फ्लेक्स बाकीच्यांशी जुळेल याची हमी नाही. प्रोजेक्ट एक्ससारख्या काही दांड्यांना पायऱ्याच नसतात, तिथे पट्टी आणि वजन यांवरच विसंबा. पिंग कंपनीचा सेट असेल तर होझलवरचा, म्हणजे हेडच्या मानेवरचा, क्रमांक टिपून घ्या, त्यावरून तो सेट मुळात कसा बनवला होता हे कंपनीकडून कळतं. त्यांच्या हेडवरचा रंगीत ठिपका मात्र फ्लेक्सचा नसून लाय अँगलचा, म्हणजे हेड जमिनीवर टेकवल्यावर दांडा किती उभा राहतो त्या कोनाचा, असतो. काळा म्हणजे नेहमीचा, निळा-हिरवा उभटाकडे, लाल-नारिंगी चपट्याकडे. चेंडू सतत एका बाजूला जातोय म्हणून फ्लेक्सला शिव्या घालणाऱ्या कित्येकांचा खरा गुन्हेगार हा लाय असतो.

मुंबई, गोवा किंवा कोकणपट्टीतून आलेला पोलादी सेट असेल तर गंजाकडे बारकाईनं पाहा. खाऱ्या हवेत बाहेरचा मुलामा चकचकीत राहतो आणि गंज आतून लागतो. काठी उलटी करून कानाशी हलवा. आत वाळू खुळखुळल्यासारखा आवाज आला तर गंजाचे कण असू शकतात, किंवा सुटलेला चिकटवणीचा तुकडा. दुसरं चालेल, पहिलं नाही. हेडला जिथे दांडा मिळतो तिथलं काळं बुशिंग वर सरकलेलं असेल तर हेड ढिलं असण्याची शक्यता. ग्राफाइटला बॅगेच्या तोंडावर घासून चरे पडतात. रंगापुरते असतील तर सोडून द्या, पण नखाला आतला धागा लागला तर घेऊ नका. पीळ देऊन बघा, करकर आवाज आला तर पैसे खिशातच ठेवा.

हे सगळं झाल्यावरही चेंडू मारून बघितल्याशिवाय व्यवहार करू नये. "एक दिवस रेंजवर नेऊ देता का?" असं (रेंज म्हणजे सरावाचं मैदान) विचारायला लाज वाटते, पण भला माणूस नाही म्हणत नाही. नेलात की लगेच त्याच काठ्यांनी सुरुवात करू नका. आधी आपल्या जुन्या सेटनं अर्धा तास घाम गाळा, मग थकलेल्या हातांनी नवा सेट उचला. ताज्या अंगानं कुठलाही दांडा गोडच लागतो. फेसवर टाल्कम पावडरचा हलका थर द्या, चेंडू लागला की गोल ठसा उमटतो. सात-आठ चेंडूंचे ठसे एका रुपयाएवढ्या जागेत पडत असतील तर अक्षर काहीही असो, दांडा तुमचा. फेसभर विखुरले असतील तर आधी वजनाचा संशय घ्या, मग फ्लेक्सचा.

चुकून भलता सेट गळ्यात पडलाच तर सगळे दांडे बदलणं हा उपाय आहे, पण दांडे, ग्रिप आणि मजुरी धरून बऱ्याचदा सेटच्या किमतीइतकाच खर्च येतो. एक मधला मार्ग असा, की सहा नंबरचा दांडा सात नंबरच्या हेडमध्ये, सातचा आठमध्ये, असे सगळे एकेक घर खाली सरकवायचे आणि लांबीला कापून घ्यायचे. सगळ्यात वरच्या हेडसाठी एक नवा दांडा लागतो. यानं साधारण एक तृतीयांश फ्लेक्स मऊपणा येतो. वजनात मात्र फारसा फरक पडत नाही, त्यामुळे माझ्यासारख्याचं दुखणं यानं बरं होत नाही. ग्रिप बदलून फ्लेक्स बदलतो असं सांगणाऱ्याचं ऐकू नका. झोक्याचं वजन बदलतं, बाकी दांडा होता तसाच.

मी शेवटी दुसरा सेट घेतला. तोही जुनाच, जपानहून कुणीतरी आणलेला, 950 चा आर. सात नंबर वाण्याच्या काट्यावर 409 भरलं. सोळाव्या होलवर मामा आता काही बोलत नाहीत, नुसतं पुढचं आयर्न काढून हातात देतात.

एस 300 चा सेट मात्र अजून माळ्यावर आहे. त्यातला पिचिंग वेज मी काढून घेतला, ऐंशी यार्डांच्या आतल्या अर्ध्या फटक्यांना तो जड दांडा मला आवडतो. आणि पिचिंग वेज नसलेला सेट कुणी घेत नाही.